गावात आजार वाढले की गावाचं वय वाढलं?

बोरीकाठची (धागाकर्ती)

राम राम मंडळी. जनस्वास्थ्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी सध्या आमच्याच गावात, अमळनेर तालुक्यात, वही घेऊन घरोघर फिरतेय.

कुठल्याही ओट्यावर बसा, एकच वाक्य ऐकू येतं: "आमच्या टायमाले शुगर-बीपी काय ऱ्हास ते माहीत नव्हतं. आता युरियाचं खाऊन घरोघर गोळ्या." मलाही हे पटायचं. पण परवा सहज आमची गल्ली मोजली. २३ घरं. त्यातली ६ कुलूपबंद, ७ घरांत फक्त म्हातारा-म्हातारी. अंगणवाडीत जाणारी पोरं सगळ्या गल्लीत मिळून ४. आई सांगते, ती लग्न होऊन आली तेव्हा याच गल्लीत दिवेलागणीला पोरांच्या कालव्यात हाक ऐकू यायची नाही.

मग डोक्यात आलं, आजार वाढले म्हणतो ते खरंच वाढले, की ज्या वयात ते होतात त्या वयाची माणसंच आता गावात उरलीत? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. जन्म कमी झाले, मरण लांबलं, तरुण गावाबाहेर गेले की आजारांचा चेहरा कसा बदलतो, याचे तुमच्या गावचे अनुभव हवेत. सल्ले नकोत. मेथीदाणे मला माहीत आहेत.

शेवभाजी_प्रेमी

शीर्षक वाचून ताटातली तर्री बाजूला काढून ठेवली. धागा वाचून झाला की परत घेईन.

आबा_रावेर

ताई, तुमचं शिक्षण तुमच्याजवळ, पण मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. माझे वडील ८४ व्या वर्षी केळीच्या बागेत पाटाचं पाणी धरत होते. दवाखान्याची पायरी चढले नाहीत. माझ्या मुलाच्या हृदयात ४५ व्या वर्षी स्टेंट बसवावी लागली. हे वयामुळे झालं का? औषधं फवारून जमीन मारली, आता माणसं मरताहेत. साधी गोष्ट आहे.

गिरणामाई

आबा, मान ठेवून विचारते. तुमच्या वडिलांना भावंडं किती होती आणि त्यातली ८४ पर्यंत किती पोचली?

आबा_रावेर

वडील धरून सात. दोन लहानपणीच गेले, एक बहीण बाळंतपणात. एक काका पटकीत. उरलेल्यांत वडीलच टिकले. आमच्या आईलाही नऊ झाली, आम्ही पाच वाचलो.

गिरणामाई

तेच म्हणायचं होतं. ठणठणीत म्हातारे आठवतात, कारण तेच आठवण यायला शिल्लक राहिले. बाकीच्यांचे फोटोसुद्धा नाहीत.

बोरीकाठची

गिरणामाई, +१००. आबा, राग नसावा. १९५१ च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, २०१६-२० च्या जन्म-मृत्यूच्या नमुना नोंदणीत ते ७० वर आलं. याचा अर्थ तेव्हा तिशीत सगळे मरायचे असा नाही. पहिल्या पाच वर्षांत इतकी मुलं जायची की सरासरीच खाली ओढली जायची. त्यातून वाचलेला माणूस तेव्हाही साठी-सत्तरी गाठायचा, तुमच्या वडिलांसारखा.

पुणेरी_पाहुणा

प्रश्न बाळबोध वाटेल, पण या विषयाला काही नाव आहे का? की 'लोक म्हातारे झाले' एवढंच?

बोरीकाठची

आहे. १९७१ साली अब्देल ओमरान या अभ्यासकांनी याची मांडणी केली. आम्ही मराठीत 'रोगसंक्रमण' म्हणतो, पण लोकांना ती साथ वाटते, म्हणून गावात हा शब्द काढत नाही. सोपं करून सांगायचं तर आधी साथी आणि दुष्काळ माणसं नेतात, मग साथी ओसरतात, आणि शेवटी हृदय, साखर, कर्करोग असे हळू चालणारे आजार पुढे येतात. त्यासोबत जन्मदरही उतरतो. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. आबांच्या आईला नऊ.

डॉ_पांझराकाठ

धुळ्यात वीस वर्षं ओपीडी करतोय. धागाकर्तीचं अर्धं बरोबर, अर्धं चूक.

म्हातारे वाढले, मान्य. पण साखर वाढलेला ३५ वर्षांचा ट्रॅक्टरवाला माझ्यासमोर बसतो, त्याचं काय करायचं? तो काही म्हातारा झालेला नाही. पोट सुटलेलं, हातपाय बारीक. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा एक अभ्यास चालू आहे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिलं तर आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून जाड. असं बाळ उपासमारीत जन्मून मोटारसायकल आणि वडापावच्या जगात मोठं झालं की तिशीतच साखर गाठते. यात वयाचा संबंध नाही असं मी म्हणत नाही, पण सगळं खापर वयावर फोडू नका.

आबा_रावेर

डॉक्टर बोलले. मी म्हणत होतो ना!

डॉ_पांझराकाठ

आबा, मी युरियाचं नाव कुठे घेतलं? :)

जिभाऊ_सुरत

राम राम मंडळी. तुम्हनं बठ्ठं बरोबर शे, पन मोजाना येळले आम्हले कोन धरस?

मोजायच्या वेळी आम्हाला कोण धरतं, ते आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. माझा बाप १९८० च्या सुमारास पारोळ्याकडून सुरतेला आला, लूमवर. उधना, लिंबायतला अर्धा खान्देश आहे, रिक्षावालाही अहिराणी बोलतो. आता बघा, गावातून कोण निघालं? धडधाकट पोरगा. ज्याला दम लागतो, पाय दुखतो, तो गावातच राहिला. म्हणजे जाताना निरोगी माणसं गाव सोडून गेली. आणि परत कोण येतं? आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या किडन्या गेल्या. डायलिसिसचा खर्च आणि खोलीचं भाडं झेपेना, तेव्हा सामान टेम्पोत घालून गावाला आले. सहा महिन्यांत वारले. कमावलं सुरतेत, आजार सुरतेत लागला, मयत नोंदली गावात. आता तुमचा तक्ता म्हणेल गावात किडनीचे आजार वाढले!

बोरीकाठची

जिभाऊ, हा प्रतिसाद प्रबंधात जसाच्या तसा टाकावासा वाटतोय. जाताना निरोगी जातात, येताना आजारी येतात, याच्यावर परदेशात स्थलांतरितांचे मोठमोठे अभ्यास झालेत. समुद्रात वाढून शेवटी जन्माच्या नदीत परतणाऱ्या सामन माशाचं उदाहरण देतात तिकडे.

शेवभाजी_प्रेमी

आपल्याकडे बोंबिल द्यावं लागेल. तापीत सामन नाही.

गिरणामाई

तापीत बोंबिल तरी कुठे आहे? तो खाऱ्या पाण्यातला मासा.

शेवभाजी_प्रेमी

सुरतेला तापी समुद्राला मिळते, तिथे असेल की. असो. धागा चालू द्या.

सातपुडा_मास्तर

धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. तुम्ही सगळे जळगाव-धुळ्याच्या सपाटीवरून बोलताय. आमच्याकडे ओमरान साहेबांची गाडी अजून घाटात आहे. म्हातारे कमी, पोरं भरपूर, कुपोषण आहे, बाळंतपणातले धोके आहेत, आणि सोबत बीपीही यायला लागलंय. दोन्हीकडून मार.

एक गोष्ट डोळ्यांसमोरची. दिवाळी झाली की पाड्यावरून ट्रक भरतात, ऊसतोडीला गुजरातकडे. नवरा-बायको म्हणजे एक कोयता, मागे दोन-तीन पोरं. जानेवारीत लसीकरणाच्या दिवशी नर्सताई यादी घेऊन येतात, निम्म्या घरांना काटे लावलेले. त्या यादीवर 'बाहेरगावी' लिहितात आणि पुढच्या पाड्याला जातात. होळीला सगळे परत. ढोल वाजतो तेव्हा पाडा भरलेला असतो. आता सांगा, या पाड्याची लोकसंख्या किती? जानेवारीची की होळीची? आजारी माणसांना कितीने भागायचं?

आणि सिकलसेल. भिल्ल-पावरा समाजात हा रक्ताचा दोष पिढ्यानपिढ्या आहे. आई-बापापैकी एकाकडूनच आला तर माणूस सहसा धडधाकट राहतो, उलट मलेरियात त्याला थोडं संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यात तो टिकून राहिला. दोघांकडून आला तर मात्र अंगदुखीचे झटके, रक्त कमी. आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे असा एकेरी दोष असलेले, असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. २०२३ पासून देशभर तपासणी मोहीम सुरू आहे, आमच्या शाळेतही मुलांना रंगीत कार्डं मिळाली. पण ते कार्ड लग्न जुळवताना कोणी बघेल का? जात बघतात, घर बघतात.

डॉ_पांझराकाठ

मास्तर, एक भर. पूर्वी सिकलसेलची बरीच मुलं लहानपणीच जायची, 'अशक्त होतं, गेलं' म्हणून कोणी मोजायचंही नाही. आता उपचारांमुळे ती मोठी होताहेत, लग्नं करताहेत. त्यामुळे रुग्णांची संख्या वाढलेली दिसणार. वाढलेला आकडा नेहमी वाईटच असतो असं नाही. कधी तो माणसं जगली म्हणूनही वाढतो.

आकडेमोड्या

चोपड्याचा, सध्या पुण्यात एक्सेलच्या चरकात. दोन दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. भांडण एका समजा-गावावर मिटवू.

समजा गावात १००० माणसं. साठीच्या वरचे १००, त्यांच्यात साखरेचं प्रमाण ३० टक्के, म्हणजे ३० जण. बाकी ९००, त्यांच्यात ४ टक्के, म्हणजे ३६. एकूण ६६.

तीस वर्षांनी गाव पुन्हा १००० चंच, पण साठीवरचे २५० झाले. प्रमाण तेच ३० टक्के, म्हणजे ७५. उरलेले ७५०, प्रमाण तेच ४ टक्के, म्हणजे ३०. एकूण १०५.

६६ वरून १०५! दीडपटीहून जास्त. आणि कुठल्याही वयाचा एकही माणूस आधीपेक्षा जास्त आजारी नाही. धागाकर्ती जिंकली.

पण थांबा. डॉक्टरांचा ट्रॅक्टरवाला त्या ४ टक्क्यांत बसतो. ते ४ चे ७ झाले असतील तर डॉक्टर जिंकले. म्हणून एकूण आकडा बघायचाच नाही. वयोगट पाडून शेजारी शेजारी ठेवायचे. नाहीतर काय होतं ते केरळात बघा. तिथला ढोबळ मृत्युदर, म्हणजे वय न बघता हजार माणसांमागे वर्षाला किती गेले तो आकडा, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. याचा अर्थ केरळात आरोग्य वाईट आहे का? तिथे म्हातारे जास्त, एवढाच.

पुणेरी_पाहुणा

हे कळलं. पहिल्यांदाच गणित आवडलं.

आबा_रावेर

मग माझ्या मुलाचं काय? त्याला तुमच्या तक्त्यात कुठे टाकणार?

आकडेमोड्या

आबा, ४५ च्या रकान्यात. आणि तो रकाना वाढतोय का, हाच खरा प्रश्न आहे. तुमचा मुद्दा मी खोडत नाही. फक्त वडिलांना ८४ च्या आणि मुलाला ४५ च्या रकान्यात ठेवून तुलना होत नाही. ४५ ची ४५ शी करा. आता वडिलांच्या काळातल्या ४५ वर्षांच्या माणसाची साखर कोणी मोजली होती का?

आबा_रावेर

मोजायला कोण होतं? लघवीला मुंग्या लागल्या तर म्हणायचे गोड झालंय.

अनामिक_ग्रामसेवक

नाव उघड करणार नाही, कारण कळेलच. जन्म-मृत्यूची नोंद आमच्याकडे असते, १९६९ च्या कायद्याने. मयताचा मुलगा येतो, दहाव्याच्या घाईत. मी विचारतो, कशाने गेले? "काय म्हनू भाऊ, वय झालं व्हतं." मी लिहितो वृद्धापकाळ. दुसरा येतो, "रातले झोपेल मजारमा गये." झोपेतच गेले, म्हणून लिहितो हृदयक्रिया बंद. सगळ्यांचंच हृदय शेवटी बंद पडतं, हे मलाही कळतं, पण शवविच्छेदन मी करू का? २०२० च्या अहवालात देशभर नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण २२ टक्क्यांनाच डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं कारण होतं. तुमचे प्रबंध उरलेल्या ७८ च्या वरच उभे आहेत, लक्षात ठेवा.

बोरीकाठची

ग्रामसेवक भाऊ, म्हणूनच आम्ही घरी जाऊन विचारतो. शेवटचे पंधरा दिवस कसे होते, सूज होती का, दम लागायचा का, एक बाजू लुळी पडली होती का. त्यावरून दोन डॉक्टर स्वतंत्रपणे कारण ठरवतात. शब्दातलं शवविच्छेदन. वेळखाऊ आहे, आणि विचारताना समोरची बाई रडते, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

मुक्ताई_एदलाबाद

विषय थोडा वेगळा, पण लोकसंख्येचाच. २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८४२ मुली होत्या. २००१ ला ८८०. २००१ ची ती मुलं आता लग्नाला आलीत. आमच्या वाड्यात तिशीला टेकलेले तीन जण आहेत, शेती आहे, घर आहे, मुलगी मिळत नाही. एक पिऊन पडलेला असतो, दुसरा कोणाशी बोलत नाही. बाहेरून मुली आणतात, त्या मुलीची भाषा वेगळी, आजारी पडली तर सांगणार कोणाला? हा आजार कुठल्या रकान्यात टाकाल? ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांची उणीव दवाखान्यात दिसतेय.

गिरणामाई

मुक्ताई, यावर स्वतंत्र धागा काढा. इथे दोन ओळींत मावणार नाही.

सातपुडा_मास्तर

सहमत. आणि डोंगरात हे प्रमाण सपाटीपेक्षा पुष्कळ बरं आहे, हे शिकल्या-सवरलेल्यांनी वाचून ठेवावं.

आबा_रावेर

एक जुनी गोष्ट सांगतो, मग झोपतो. आजोबा मानमोडीचं, म्हणजे फ्लूच्या साथीचं सांगायचे, १९१८ सालची. भुसावळवरून गाड्या यायच्या आणि त्यातून ताप यायचा, असं म्हणायचे. एकाला पोचवून नदीवरून परत यावं तो दारात दुसरं. आणि म्हातारी नाही, ऐन तिशीतली माणसं जायची. शेतात कापूस वेचायला हात उरले नव्हते.

बोरीकाठची

आबा, आजोबा अगदी खरं सांगत होते. ती साथ मुंबई बंदरातून आली आणि रेल्वेने देशभर पसरली. नेहमीचा फ्लू लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना नेतो, ही साथ वीस ते चाळीसच्या माणसांना घेऊन गेली. म्हणून पुढच्या वर्षी जन्मही घटले. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. विसाव्या शतकात असं घडलेलं ते एकच दशक. माझ्या प्रश्नाच्या हे उलट आहे, इथे आजाराने लोकसंख्या बदलली. पण दोन्ही एकाच दोरीची टोकं.

डॉ_पांझराकाठ

आणखी एक, उन्हाळा तोंडावर आहे म्हणून. भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे नवीन नाही. नवीन हे की दुपारी दोनला पत्र्याच्या घरात सत्तरीची बाई एकटी आहे आणि पोरगं हिंजवडीत. म्हातारपणी तहान कमी लागते, घामही कमी येतो. तिला कळतच नाही की अंग तापतंय. पूर्वी घरात आठ माणसं होती, कोणीतरी "आजी, पाणी प्या" म्हणायचं. ऊन तेच आहे. घर रिकामं झालंय.

आकडेमोड्या

बोरीकाठची ताई, मूळ प्रश्नावर येऊ. तुमच्या २३ घरांचा तक्ता झाला का? वयोगट पाडले का?

बोरीकाठची

पाडले, आणि तिथेच अडकले. वयंच खोटी आहेत!

आधार कार्डावर निम्म्या गावाची जन्मतारीख १ जानेवारी. शाळेत गेलेल्यांची १ जून. आणि म्हाताऱ्यांची वयं बघा, ६०, ६५, ७०, ७५. बासष्ट किंवा सदुसष्ट वर्षांचं कोणी नाहीच. सगळी शून्यावर आणि पाचावर येऊन बसलीत.

शेवभाजी_प्रेमी

माझ्या घरी १ जूनला चार वाढदिवस. एकच केक, त्यावर चार नावं. बेकरीवाला दर वर्षी हसतो.

अनामिक_ग्रामसेवक

त्या काळी गुरुजी विचारायचे, कधीचा? बाप म्हणायचा, पेरणीच्या टायमाचा. झालं, १ जून. शाळेत लवकर घ्यायला एक वर्ष वाढवायचं, नोकरीसाठी दोन कमी करायची. निराधार योजनेसाठी परत वाढवायचं.

सातपुडा_मास्तर

आमच्याकडे वय विचारायचं नाही, घटना विचारायची. "दुष्काळात तू केवढा होतास?" "महुआ गोळा करायला जात होतो." की लावा अंदाज.

बोरीकाठची

मास्तर, तुमचीच युक्ती वापरली. घटनांचं कॅलेंडर केलं: १९७२ चा दुष्काळ, गावात पहिली वीज, पहिली एसटी, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला ते १९९८. आणि सगळ्यात आधी घरच्याच आजीवर चालवून पाहिलं.

आजीच्या कार्डावर वय ७०. तिला विचारलं, बहात्तरच्या दुष्काळात तू कुठे होतीस? म्हणाली, सडकेच्या कामावर खडी फोडत होते. एकटी? नाही, तुझे मोठे काका झाडाखाली झोळीत, आणि तुझी मोठी आत्या हाताशी, पळायला लागली होती, दगडांशी खेळायची. कार्डाप्रमाणे तेव्हा आजी सतरा-अठराची. मग आत्या कधी झाली? लग्न कधी झालं? बोटं मोजत मोजत आजी थांबली. आम्ही दोघींनी मिळून कमीत कमी सात वर्षं वाढवली.

नात म्हणून नाही, संशोधक म्हणून मी वहीत तिला ७० वरून ७५ च्या वरच्या गटात हलवलं आणि तिला समजावलं, की आजी, सत्तरीच्या बाईला एवढी शुगर म्हणजे जास्त, पण तुझ्या खऱ्या वयाला ती तेवढी नवलाची नाही.

तिने चष्मा वर केला, वहीकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग सकायपासून गोळी अर्धी करू का?"